ऊस वाहतूक : ब्रेकचा खर्च कोणाचा?

महाराष्ट्रात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील रस्त्यांचे स्वरूपच पालटून जाते. बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत पहिली मोळी पडते, भाषणे होतात, आणि दुसऱ्या दिवसापासून उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग रात्रंदिवस कारखान्याच्या दिशेने सरकू लागते. या रांगेकडे समृद्धीचे चिन्ह म्हणून पाहण्याची सवय समाजाला लागली आहे, आणि ती सर्वस्वी चुकीची नाही. परंतु या समृद्धीच्या मागे एक साधा, यांत्रिक आणि बहुतेकांच्या नजरेआड राहिलेला प्रश्न दडलेला आहे. उतारावर ही गाडी थांबवायची कशी?

हा प्रश्न वरवर पाहता मेकॅनिकचा वाटतो. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा आहे. ब्रेक कसा बसवावा आणि त्याची जुळणी कशी करावी, हे ज्ञान जगात शंभर वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे. अडले आहे ते ज्ञानावाचून नव्हे. तो खर्च कोणी सोसावा हे न ठरल्यामुळे अडले आहे.

दहावा हिस्सा थांबवतो कोणाला?

प्रथम भाराचा हिशेब पाहावा. सर्वसाधारण ट्रॅक्टरचे वजन दोन ते अडीच टन असते. त्यामागील दोन ट्रॉल्यांतील ऊस पंधरा-वीस टनांपर्यंत सहज जातो आणि रिकाम्या ट्रॉल्यांचे वजन त्यात वेगळे मिळवावे लागते. म्हणजे पंचवीस टनांच्या आसपास वजनाची ही गाडी थांबवण्याची जबाबदारी तिच्या एकूण भाराच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतक्या वजनाच्या यंत्रावर पडते. त्यातही आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या दोन चाकांपुरतेच असतात. शेतात वळण घेणे सोपे जावे म्हणून डाव्या-उजव्या चाकांचे पेडल निरनिराळे ठेवलेले असतात. रस्त्यावर ते कडीने जोडून घ्यावयाचे असतात. ती कडी जोडायची राहिली आणि घाईत एकाच पेडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर थांबण्याऐवजी एका बाजूला फेकला जातो.

रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. सपाट रस्त्यावर, मंद गतीने, हे निभावून जाते. उतार लागला की मागचा वीस टनांचा भार पुढच्या अडीच टनांच्या यंत्राला ढकलू लागतो. चालकाने ब्रेक दाबला तर ट्रॅक्टर थांबू पाहतो, ट्रॉल्या थांबत नाहीत. हूकपाशी सांधा मोडून ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर चढते. चढावर याच्या उलट घडते. पुढची चाके जमिनीवरून उचलली जातात आणि गाडी मागे घसरू लागली, तर क्लीनरने उडी टाकून चाकाखाली दगड लावणे हाच काय तो ब्रेक उरतो. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची जी प्रथा आहे, तिने इंजिनाचा रोधही हातचा जातो. विज्ञानाचा नियम येथे कोणाची गय करीत नाही. भार दुप्पट झाला तर थांबवावयाची ऊर्जा दुप्पट होते, आणि वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते.

ब्रेक ही वस्तू नव्हे, व्यवस्था

ज्या देशांत मोटारीमागे ट्रेलर जोडून प्रवास करणे नित्याचे आहे, तेथे या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी काढले गेले. युरोपात साडेसातशे किलोपर्यंतच्या हलक्या ट्रेलरला ब्रेकची सक्ती नाही, त्यावरील ट्रेलरला आहे. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात अशा ट्रेलरच्या चाकांत विजेवर चालणारे ड्रम ब्रेक मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. त्यांची रचना समजून घेण्यासारखी आहे. चालकाने ब्रेक दाबला की त्याच्याजवळच्या नियंत्रकातून 12 व्होल्टचा प्रवाह ट्रेलरच्या प्रत्येक चाकातील विद्युतचुंबकाकडे जातो. चुंबक फिरत्या ड्रमच्या आतील पृष्ठाला चिकटू पाहतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो, आणि त्या ओढीने एक दांडी सरकून ब्रेकचे शू ड्रमवर दाबले जातात. ट्रेलर मूळ गाडीपासून तुटलाच, तर एक पिन निसटते आणि ट्रेलरवरच्या लहान बॅटरीतून प्रवाह सुरू होऊन सुटलेला ट्रेलर आपोआप थांबतो.

परंतु या रचनेतील खरा धडा तिच्या देखभालीत आहे. शूवरील अस्तर झिजत जाते तसतसे शू आणि ड्रम यांच्यातील अंतर वाढते. चुंबकाच्या दांडीला सरकण्यास मर्यादित जागा असते. अंतर फार वाढले की दांडी आपल्या टोकाला पोहोचते, पण शू ड्रमवर पुरेसे टेकत नाहीत. अशा वेळी चालकासमोरच्या नियंत्रकावर पूर्ण प्रवाह दिसतो आणि चाक मात्र फिरतच राहते. ब्रेक आहे असे वाटणे आणि ब्रेक असणे यांत पडणारे हे अंतर ब्रेक नसण्यापेक्षाही घातक असते. ज्याला आपल्याकडे ब्रेक नाही हे ठाऊक आहे, तो निदान जपून चालवतो.

म्हणून जुळणी करावी लागते. चाक जॅकवर उचलायचे, मागच्या पत्र्यातील खाचेवरचे रबरी बूच काढायचे, पेचकसाने आतील दातेरी चकती फिरवीत शू बाहेर सरकवायचे. चाक हाताने फिरवणे जड होईपर्यंत पुढे जायचे, आणि मग अगदी किंचित घासत, पण मोकळे फिरेल इतके मागे यायचे. हे प्रत्येक चाकाचे स्वतंत्र करायचे. कारण एक चाक घट्ट आणि दुसरे सैल राहिले तर ट्रेलर एका बाजूला ओढतो. नव्या ब्रेकची पहिली जुळणी सुमारे 320 किलोमीटरनंतर आणि पुढे सुमारे दर 4,800 किलोमीटरला करावी, असा तेथील संकेत आहे. शिवाय भरलेल्या ट्रेलरला जेवढा रोध लागतो तेवढा रिकाम्याला दिला तर चाके जाम होऊन घसरतात. म्हणून नियंत्रकावरील प्रमाणही भारानुसार बदलावे लागते. जाताना भरलेली आणि येताना रिकामी असणाऱ्या उसाच्या ट्रॉलीला ही गोष्ट किती लागू आहे, हे सांगावयास नको.

हाच विजेचा ब्रेक येथे आणावा, असे यातून सुचवावयाचे नाही. चिखल, पाचट आणि सदैव तुटणाऱ्या तारा यांच्या राज्यात हवेचा किंवा तेलाच्या दाबाचा ब्रेक अधिक टिकाऊ ठरेल, असे एखादा जाणकार म्हणेल, आणि त्याचे म्हणणे तज्ज्ञांनी तपासावे. परंतु ब्रेक कोणत्याही जातीचा असो, शू झिजणारच, अंतर वाढणारच, आणि ठराविक मुदतीने कोणीतरी चाकाखाली वाकून ते मोजावे लागणारच. ब्रेक एकदा विकत घेऊन भागत नाही. तो सतत जपावा लागतो. एकदाच करावयाचा खर्च सक्तीने करवून घेता येतो. पुनःपुन्हा करावयाची काळजी मात्र तिच्यासाठी पैसा, जागा आणि माणूस यांची तरतूद केल्यावाचून होत नाही.

इतिहासाची साक्ष

रेल्वेच्या इतिहासाने हा अनुभव आधीच घेतला आहे. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी 1869 मध्ये हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. त्यानंतर काही वर्षांतच डबा तुटला तरी आपोआप लागणारा ब्रेकही त्यांनी सिद्ध केला. तरीसुद्धा अमेरिकेतील मालगाड्यांच्या टपांवरून धावत जाऊन, हाताने चाके फिरवून ब्रेक लावणारे कामगार पुढे कित्येक वर्षे पडून आणि चिरडून मरत राहिले. कंपन्यांना ब्रेकचा खर्च दिसत होता. कामगाराचा हात त्यांच्या ताळेबंदात नव्हता. 1893 मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला तेव्हा कोठे हा ब्रेक सक्तीचा झाला. शोध आणि सक्ती यांच्यामध्ये चोवीस वर्षे गेली.

आयर्लंडमधील आर्मा येथे 12 जून 1889 रोजी मुलांच्या सहलीची एक गाडी चढावर अडली. इंजिनाचा भार हलका करण्यासाठी मागचे डबे सोडवण्यात आले. गाडी जोडलेली असेतोवर चालणारा ब्रेक डबे सोडवताच निकामी झाला. त्यांच्या चाकांखाली दगड लावण्यात आले होते. ते दगड टिकले नाहीत. डबे उतारावरून मागे धावत सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 जण मृत्युमुखी पडले; त्यांत मुलांची संख्या मोठी होती. सर्व प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक असावा, असे ब्रिटिश सरकारचे निरीक्षक वर्षानुवर्षे सांगत होते. पण सांगण्यापलीकडे त्यांना अधिकार नव्हता. त्या अपघातानंतर त्याच वर्षी कायदा झाला. चाकाखाली दगड लावण्यावर विसंबलेल्या व्यवस्थेने यातून काय शिकावे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

ज्याचा खर्च, त्याचा लाभ नाही

असे का घडते? केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी 1920 मधील आपल्या ग्रंथात रेल्वे इंजिनाच्या ठिणग्यांचे उदाहरण दिले होते. ठिणगीने शेजारचे रान जळते, पण त्याची भरपाई कंपनीला द्यावी लागत नसेल, तर कंपनीचा खासगी खर्च आणि समाजाचा खर्च यांत तफावत पडते. ट्रॉलीच्या ब्रेकचे तसेच आहे. ब्रेकचे पैसे ट्रॉलीमालकाच्या खिशातून जातात. त्याचा लाभ प्रामुख्याने मिळतो तो रात्री मोटारसायकलवरून घरी परतणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाला, शाळेतून चालत येणाऱ्या मुलांना, आणि उसाच्या भारावर किंवा हूकजवळ बसून प्रवास करणाऱ्या ऊसतोड कामगारांना. यांपैकी कोणीही मालकाला ब्रेकची किंमत देत नाही. साहजिकच बाजारपेठेच्या नियमाने ब्रेक पुरेसे बसत नाहीत.

वाहतुकीच्या दराची रचना या प्रवृत्तीत भर घालते. दर टनावर आणि अंतरावर ठरतो. जितका भार अधिक तितकी खेप फायद्याची. सुरक्षिततेला दरात स्थान नाही, वजनाला आहे. ट्रॅक्टरमालक हा बहुधा गावातलाच मध्यम शेतकरी असतो. त्याच्यावर बँकेचे कर्ज असते, टोळी आणण्यासाठी मुकादमाला दिलेली उचल बुडण्याची टांगती तलवार असते. चार-पाच महिन्यांत वर्षाचा हप्ता काढावयाचा असेल, तर तो ट्रॉलीला फळ्या लावून दोन टन अधिक भरणार, की चाके उघडून ब्रेकचे शू बदलणार? त्याला केवळ बेजबाबदार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते शहाणपणाचे नाही. आज ब्रेक लावणारा मालक न लावणाऱ्याच्या तुलनेत तोट्यात राहतो. व्यवस्था ज्याला दंड करते, तो गुण समाजात वाढत नाही.

कायदा आहे, काटाही आहे

कायद्याचा अभाव आहे असे नाही. मोटार वाहन कायदा 1988 मध्ये वजनाच्या मर्यादा आहेत, योग्यता प्रमाणपत्राची तरतूद आहे. 2019 च्या दुरुस्तीने अतिभाराचा दंड 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये इतका झाला. परंतु परिवहन खात्याच्या मोजक्या निरीक्षकांनी रात्रीच्या रस्त्यावर ट्रॅक्टर अडवून हे सारे तपासावे, ही अपेक्षा कागदावरच राहते. अपघात झालाच, तर शेतीकामासाठी नोंदलेला ट्रॅक्टर भाड्याच्या वाहतुकीस वापरला, या कारणावरून विमा कंपनी जबाबदारी नाकारते, आणि मृताची विधवा न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजवीत बसते.

दरवर्षी हंगामाच्या आरंभी ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम निघते. ती चांगली आहे. अंधारात उभी ट्रॉली दिसली तर जीव वाचतात. परंतु रिफ्लेक्टर चिकटवतानाचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते, ब्रेकच्या जुळणीचे येत नाही. दिसणारा उपाय होतो. न दिसणारा राहून जातो.

येथे एका विचारवंताचे सूत्र उपयोगी पडते. गिडो कॅलाब्रेसी यांनी 1970 मध्ये अपघातांच्या खर्चाविषयी लिहिताना असे सुचवले, की अपघात टाळणे ज्याला सर्वांत स्वस्त पडते, त्याच्यावर त्या खर्चाची जबाबदारी टाकावी. ऊस वाहतुकीत असा पक्ष कोण? रस्त्यावरचा पादचारी नव्हे, पगारी चालक नव्हे, आणि एकेकटा ट्रॅक्टरमालकही नव्हे. तो पक्ष म्हणजे साखर कारखाना. वाहतुकीचा करार कारखाना करतो. आगाऊ रक्कम कारखाना देतो. दर कारखाना ठरवतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक खेपेचे वजन कारखान्याच्या काट्यावर नोंदले जाते. रस्त्यावर निरीक्षकाला जो अतिभार सापडत नाही, त्याचा लेखी पुरावा कारखान्याच्या वहीत रोज जमा होत असतो!

शिवाय काट्यापूर्वी केन यार्डात ट्रॉल्या तासन् तास रांगेत उभ्या असतात. त्या रिकाम्या वेळात चाक उचलून ब्रेक पाहणे अशक्य का असावे? ज्या कारखान्याकडे टर्बाइन आणि बॉयलर सांभाळणारे कुशल कारागीर आहेत, त्याला ब्रेकचे शू सांभाळता येऊ नयेत, हे पटण्याजोगे नाही.

पाच रुपयांचा प्रश्न

खर्चाचा अंदाज उदाहरणादाखल घ्यावा. एक ट्रॅक्टर दिवसाला वीस टनांची एक खेप करतो आणि हंगाम 120 दिवस चालतो असे मानले, तर हंगामात 2,400 टन ऊस वाहिला जातो. टनामागे पाच रुपये ब्रेकच्या खात्यावर वेगळे ठेवले, तर एका ट्रॅक्टरमागे 12,000 रुपये उभे राहतात. त्यातून देखभाल तर व्हावीच, बसवणीच्या भांडवली खर्चाचाही काही हिस्सा सुटावा. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर टनाला 3,550 रुपये आहे. त्याच्याशी तुलना करता पाच रुपये म्हणजे सातशेवा हिस्सा. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातून वजा होतो, म्हणून हा भार अखेर शेतकऱ्यावरच पडेल, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. म्हणूनच हे पाच रुपये शेतकऱ्याच्या दरातून न कापता कारखान्याने आपल्या प्रक्रिया खर्चात धरावेत. साखर, मळी, मद्यार्क आणि वीज यांच्या उत्पन्नात ते सामावणे कठीण नाही.

मार्ग पुढीलप्रमाणे आखता येईल. करार करतानाच ट्रॉलीची तपासणी व्हावी. पहिले दोन हंगाम सवलतीचे ठेवून त्यानंतर ब्रेक नसलेल्या ट्रॉलीशी करार करू नये. दर पंधरवड्याला यार्डात जुळणी होऊन तिची नोंद ट्रॉलीच्या कार्डावर व्हावी, आणि ब्रेकचे पाच रुपये कार्ड पूर्ण असेल तरच मिळावेत. ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक भरलेल्या उसाची किंमत शेतकऱ्याला पूर्ण मिळावी, मात्र त्या जादा वजनाची वाहतूक कोणालाही मिळू नये. अतिभाराचा मोह त्या क्षणी संपेल. परिसरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मुलांना हंगामापुरते हे काम शिकवून दिले, तर गावात एक नवे कसबही उभे राहील. आणि साखर आयुक्तालय प्रत्येक हंगामाला जो गाळप परवाना देते, त्याच्या अटींत या गोष्टींचा समावेश झाला, तर एक कारखाना पाळतो आणि शेजारचा पाळत नाही, ही स्पर्धेतील विषमताही राहणार नाही.

2021-22 च्या हंगामात महाराष्ट्रातील सुमारे 200 कारखान्यांनी 13 कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला. बैलगाड्या आणि ट्रक यांचा वाटा मोठा असला तरी समजण्यासाठी हा सारा ऊस वीस टनांच्या खेपांनी वाहिला असे धरावे. तर त्या 65 लाख खेपा होतात. ज्या कामाची पुनरावृत्ती लाखांच्या संख्येने होते, त्यातील लहानशी उणीवही शेवटी माणसांच्या जिवांतच मोजावी लागते. तिला दैवाचे नाव देणे हा हिशेब टाळण्याचा प्रकार होय.

प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला, त्यामागची प्रेरणा नफ्याइतकीच परस्पर जबाबदारीची होती. ती जबाबदारी काट्यापाशी सुरू होते आणि फाटकाबाहेर संपते, असे सहकाराच्या कोणत्याही तत्त्वात सांगितलेले नाही. उसाचा प्रत्येक टन मोजणाऱ्या व्यवस्थेने तो टन थांबवण्याची तजवीजही मोजली पाहिजे. पुढच्या हंगामाची पहिली मोळी गव्हाणीत पडण्याआधी निदान एखाद्या कारखान्याने आपल्या यार्डात जॅक आणि पेचकस घेतलेला माणूस उभा करावा. गव्हाणीच्या पूजेइतकेच तेही हंगामाचे शुभकार्य ठरेल.